सात नंबरच्या फळीवरची दहावी गोळी

आधी चूक दुरुस्त करते. मागच्या महिन्यात मी जे मृत्युपत्र लिहिले, त्याच्या चौथ्या कलमात "बाबांच्या पत्र्याच्या डबीतले एक रिकामे काडतूस, आठवण म्हणून" असे शब्द आहेत. ते काडतूस रिकामे नाही. ते कधी उडालेच नाही. त्या एका शब्दामुळे आधीचे संपूर्ण मृत्युपत्र मी रद्द करत आहे, आणि हेच माझे शेवटचे समजावे.

मी, खाली सही करणारी, वय वर्षे सत्तावीस, अविवाहित, चष्म्याच्या दुकानात भिंगे घासणारी, हे शुद्धीवर राहून लिहीत आहे. कोणी धाक घातलेला नाही, कोणी गोड बोललेलेही नाही. माझ्या उजव्या डोळ्यामागे गाठ आहे. ती अजून विचारांपर्यंत पोचलेली नाही, असा डॉक्टरांचा लेखी दाखला सोबत टाचला आहे. मंगळवारी, ११ तारखेला, शस्त्रक्रिया आहे. "यातून उठेन ना?" असे मी विचारले, तेव्हा डॉक्टरांनी पेनाचे टोपण लावले, पुन्हा काढले आणि म्हणाले, "जे लिहायचं-सवरायचं असेल ते उरकून घ्या." म्हणून उरकते आहे.

कलम १. बाबांच्या मागे या दोन खोल्या दादाच्या आणि माझ्या निम्म्या-निम्म्या झाल्या. माझा निम्मा भाग दादाला. अट एकच: रविवारी सकाळी बाहेरची खोली बाबांच्या सोबत्यांसाठी उघडी असावी. हे सगळे बाबांबरोबर फौजेत होते, लांब पल्ल्याच्या नेमबाजीच्या संघात. दादा विचारेल, "म्हाताऱ्यांचा अड्डा किती दिवस चालवायचा?" फार दिवस नाही, दादा. पाच होते, तीन उरलेत, आणि जिना उंच आहे.

कलम २. बँकेतले जे काही रुग्णालयाला पुरून उरेल ते भाचीला. त्याचे तिने वाटेल ते करावे. शहाणपणाचेच केले पाहिजे असे नाही.

कलम ३. घासायचे चाक दुकानाचे आहे. चिमटे, बारीक पेचकस आणि भिंगाची गोलाई मोजायचे यंत्र माझे, ते दुकानमालकांना. "तुझ्या हातून भिंग सुटेपर्यंत गिऱ्हाईक आंधळं होईल," असे ते म्हणत. मी प्रत्येक भिंग तीनदा तपासत असे, तेव्हा त्यांचे खरे होते. पण गिऱ्हाइकासमोर म्हणायला नको होते.

कलम ४. बाबांची नेमबाजीची वही आणि वर सांगितलेले काडतूस वारेकाकांना. का, ते लिहिते. पुढची हकीकत या कलमाचाच भाग समजावी.

वारेकाका म्हणजे बाबांचे जोडीदार. गवत कसे लवते, उन्हाची झळ कशी हलते, एवढ्यावरून ते हजार यार्डांपर्यंतचा वारा वाचायचे आणि साऱ्या संघाला सांगायचे. म्हणून हे नाव. हजार यार्डांवर निशाणाची माणसाएवढी फळी बोटाच्या नखाएवढी दिसते. फळ्यांखालच्या खंदकात माणसे बसलेली असतात. गोळी लागली की ती फळी खाली ओढतात, भोकावर चकती लावतात आणि फळी वर करतात. लागलीच नाही, तर लाल झेंडी हलवतात. झेंडी हलली की साऱ्या मैदानाला कळते.

स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी बाबा सात नंबरच्या फळीवर होते, वारेकाका शेजारच्या आठवर. दोघांची दहापैकी एकेक गोळी उरली होती. सातची फळी मधोमध चकती लावून वर आली. आठवर लाल झेंडी हलली. बाबांना चषक मिळाला आणि पुढे शिक्षकाची जागा. वारेकाकांना वरिष्ठ म्हणाले, "स्वतःचा वारा कळेना, दुसऱ्याला काय सांगणार?" त्यांना संघातून काढून कोठारात बसवले, आणि निवृत्त होईपर्यंत ते घोंगड्या मोजत राहिले. रायफल त्यांनी पुन्हा हातात धरली नाही.

ही गोष्ट मी लहानपणापासून दर रविवारी ऐकली आहे. सांगणारे भोंगाकाका. गोळीबाराने त्यांचे कान गेले, म्हणून आवाज चढला.

"वाऱ्या, तुझी ती गोळी अजून उडतेय का रे?"

"उडतेय की. रिकामी जागा शोधतेय. तुझ्या डोक्यावर उतरेल."

"माझ्या? अरे, आठशे यार्डांवर मी डोळे मिटून..."

"डोळे मिटूनच मारायचास! म्हणून तर खंदकातले लोक घरी पत्र लिहून मग कामावर यायचे."

सगळे हसायचे. बाबा मात्र नेमके त्याच वेळी चहाचे आधण ठेवायला उठायचे. मला वाटायचे, बाबा किती मोठ्या मनाचे, जिंकलेल्या गोष्टीचे कौतुक ऐकवत नाही त्यांना.

आता काडतुसाचे. मागच्या आठवड्यात डबी नीट पुसून ठेवावी म्हणून उघडली आणि काडतूस हातात घेतले. भिंगांमुळे हाताला वजनाची सवय आहे. ते जड लागले. टोकाला गोळी होती. मी ते रुमालात गुंडाळून बंदूक-मिस्त्रीकाकांकडे नेले. फौजेत रायफली दुरुस्त करणारे ते, रविवारच्या मंडळींतले तिसरे. त्यांनी ते उलटे करून बुडाकडे पाहिले.

"हे कुठलं?"

"बाबांच्या डबीतलं."

"बुडावर खळी दिसते? पिनेने ठोका दिलाय. चाप ओढला होता, पोरी. उडालं नाही."

"असं होतं?"

"हजारात एखादं निघतं. हात वर करायचा, पंच दुसरं देतो. त्यात लाज कसली?" मग त्यांनी बुडाच्या कडेला कोरलेला स्पर्धेचा शिक्का पाहिला आणि स्टुलावर बसले. "हात वर नाही केला बघ त्याने."

त्यांनी गोळी उपसून आतली दारू काढून टाकली आणि गोळी परत बसवली. आता ते कोणाच्याही हातात द्यायला सुरक्षित आहे.

म्हणजे झाले ते असे. शेवटची गोळी मारण्याआधी वारेकाका दुर्बिणीतून बाबांची सातची फळी पाहत होते, बाबांना वारा सांगत होते. सांगून झाल्यावर स्वतःच्या रायफलीवर गाल टेकला आणि आठऐवजी डोळ्यांत बसलेली सातच धरली. त्याच क्षणी बाबांनी चाप ओढला. बाबांची उडाली नाही. काकांची उडाली आणि शेजारच्या फळीच्या मधोमध लागली. शेजारच्या फळीवर गोळी जाणे ही चूकच. गुण मिळाला नसता. पण ती थकलेल्या माणसाची चूक, वारा चुकलेल्या माणसाची नव्हे. वारा त्यांनी अचूक वाचला होता. बाबांनी काडतूस खिशात टाकले आणि चषक घेतला.

माझ्याकडे पुरावा काडतुसाचा एकटाच नाही. वहीही आहे. बाबांची शिस्त अशी, की चाप ओढला की गोळी कुठे गेली असेल ते फळी वर येण्याआधी लिहायचे. "नंतर काय, सगळेच हुशार असतात," असे ते म्हणत. त्या दिवशीच्या पानावर दहाव्या आकड्यापुढे त्यांच्या अक्षरात लिहिले आहे: "उडाली नाही." जगाशी खोटे वागले, वहीशी वागता आले नाही.

इथे मला माझी दुसरी चूक दुरुस्त केली पाहिजे. वर मी असे लिहिले आहे, जणू हे मला मागच्या आठवड्यात कळले. मी लहानपणी फार आजारी असे. दहाव्या वर्षापर्यंत शाळेत गेले नाही. बाबांनीच शिकवले. भागाकार मी पल्ल्यांच्या तक्त्यावर शिकले आणि वाचायला याच वहीवर. नऊ वर्षांची असताना मी एकेक अक्षर लावत मोठ्याने वाचले होते, "दहावी. उडाली नाही." बाबांनी वही मिटली आणि म्हणाले, "हे पान नाही वाचायचं, बाळ." मी नाही वाचले. पुढे सारे समजण्याइतकी मोठी झाले, तेव्हाही नाही. दर रविवारी भोंगाकाका विचारायचे, बाबा उठायचे, आणि मी पाहुण्यांना पाणी द्यायचे. काडतूस रिकामे असेल असे मी धरून चालले, कारण तसे धरणे सोयीचे होते.

बाबा शेवटच्या दुखण्यात सांगतील असे वाटले होते. वारेकाका उशाशी होते. बाबांनी त्यांचा हात धरला. बाबांनी विचारले, "वारा कुठनं आहे?" काकांनी खिडकीच्या पडद्याकडे पाहिले. "डावीकडनं. हलका." बाबा म्हणाले, "बरं." एवढेच.

कलम ५. वारेकाकांना आता विसर पडतो. मला ते कधी बाबांची बहीण समजतात, कधी परिचारिका. स्वतःच्या मुलाला परवा "आपण कोण?" म्हणाले. पण भोंगाकाकांनी गोळीचे विचारले, की लगेच उत्तर देतात, आणि मग सगळे गेल्यावर मला म्हणतात, "फळीलासुद्धा नाही लागली गं." सारे गेले, तेवढेच उरले आहे. डॉक्टर म्हणतात, नवीन सांगितलेले त्यांच्या डोक्यात दिवसभरही राहणार नाही.

म्हणून एकदा सांगून भागणार नाही. दर रविवारी काडतूस त्यांच्या तळहातावर ठेवायचे, बुडाची खळी बोटाला लावायची आणि सांगायचे: "काका, गोळी लागली होती. मधोमध." हे काम मी माझ्यामागे दादाला सोपवत आहे.

दादाला मी हे सांगितले आहे. चषक त्याच्या घरी आहे, वहिनी त्यात किल्ल्या ठेवतात. तो म्हणाला, "बाबा गेले. त्यांचं नाव का काढतेस आता? आणि त्या म्हाताऱ्याला उद्या आठवणार आहे का?"

मी म्हणाले, "नाही आठवणार."

"मग कोणासाठी?"

दादा हे करणार नाही, हे मला माहीत आहे. मिस्त्रीकाका करतील, पण त्यांना दम लागतो. दोनेक रविवार करतील. त्यानंतर कोणी नाही. काम सोपवले आहे अशी फक्त नोंद राहील.

कलम ६. कपाटात माझ्या खणात एक नवा चष्मा आहे. वारेकाकांचा जुना मी केलेला. त्याचे उजवे भिंग अर्ध्या अंशाने तिरके बसले होते. ते काही बोलले नाहीत. मीच केलेले, म्हणून बोलले नसतील. हा बरोबर आहे. तीनदा तपासला.

व्यवस्था पाहणारे: बंदूक-मिस्त्रीकाका. त्यांना यातले काही मिळत नाही, म्हणून ते साक्षीदारही चालतात. वारेकाकांची सही मी मुद्दाम घेतलेली नाही. ज्याला मिळते त्याने साक्ष देऊ नये.

सर्व कलमे पुन्हा वाचून पाहिली. चौथे आणि पाचवे वाचताना हात थांबला. डबीत ठेवायचे, आणि आपण गेल्यावर कोणीतरी उघडेल असे धरायचे. हे बाबांनीच केले होते. मी तेच कायदेशीर भाषेत करत होते. ती दोन्ही कलमे खोडत नाही, ती मी न करू शकल्यास लागू राहतील. पण त्यांच्यावर विसंबत नाही.

स्थळ: राहत्या घराची बाहेरची खोली
दिनांक: गुरुवार, ६ फेब्रुवारी

लिहून देणार: (सही)

साक्षीदार १: बंदूक-मिस्त्री, निवृत्त (सही)
साक्षीदार २: तळमजल्यावरच्या शिंपीणबाई (सही, मजकूर वाचलेला नाही, सही करताना समोर होत्या)

सहीखाली लिहिलेले कायद्याला चालत नाही, हे मला माहीत आहे. तरी फळी वर येण्याआधी लिहून ठेवते. भोंगाकाका विचारतील. आधण ठेवायला मी उठणार नाही. काडतूस काकांच्या हातात मी स्वतः देईन, रविवारी, ९ फेब्रुवारीला, सकाळी साडेनऊ वाजता.