नायट्रोजनचं पिंप

प्रिय मामी,

फोनवर हे सगळं सांगून होणार नाही, म्हणून लिहायला बसलोय. अक्षराला हसू नकोस. शाळेत टिकलो नाही, कुठेच टिकत नव्हतो, म्हणून तर मामाने मला इथे ओढून आणलं.

मामा इथे काय करायचा ते त्याने तुला कधी नीट सांगितलं नसेल. आमच्या संशोधन केंद्रात दुर्मिळ धातू दुसऱ्या धातूंबरोबर वितळवून त्यांचे खडे करतात. मग ते खडे भयंकर गार करून चुंबकात टांगायचे; कितपत थंडीत स्वतःच चुंबक होतात, किती उष्णता धरतात, ते मोजायचं. एकदा मामाने प्रयोग करणाऱ्या मॅडमकडून गॅडोलिनियम नावाच्या धातूचा तुकडा मागून आणला. गार होता तोवर चुंबकाला घट्ट चिकटला, मुठीत धरून ऊब दिली तर टपकन पडला. मामा म्हणाला, अगदी तुझी मामी, जरा तापली की निघाली माहेरी! रागावू नकोस, दिवसभर तुझाच विषय असायचा त्याच्या तोंडी.

त्या थंडीसाठी द्रव नायट्रोजन लागतो. त्याचं पिंप तळमजल्यावरून चौथ्या मजल्यावर पोचवायचं हे मामाचं काम. स्वतःला थंडीचा दूधवाला म्हणायचा. पिंपातून सारखा वायू निघत असतो. त्याला वास नाही. बंद जागेत तो हवेला हुसकावतो आणि माणूस कळायच्या आत कोसळतो. म्हणून लिफ्टमध्ये पिंप एकटंच जातं. खाली एकाने चढवायचं, वर दुसऱ्याने उतरवून घ्यायचं. वरचा मी होतो. मग माणसं कमी केली, मला भट्टीच्या खोलीत टाकलं, आणि दोन्ही कामं मामाच्या गळ्यात आली. त्याचे गुडघे तुला ठाऊक आहेत. पिंपाच्या आधी जिने चढून पोचणं जमेना, आणि मधल्या मजल्यावर कुणी नकळत लिफ्टमध्ये शिरलं तर, ही धास्ती. शेवटी पिंपाबरोबर तोच जायला लागला. मी भांडलो. म्हणाला, चार मजले तर आहेत, मला काय धाड भरलीय! आमच्या विभागाच्या साहेबांनीही त्याला पिंपाबरोबर जाताना पाहिलं होतं. ते स्वतः जिन्याने गेले.

त्या दिवशी लिफ्ट मध्येच अडकली. दार उघडलं तेव्हा मामा पिंपाला टेकून बसला होता, डोळा लागल्यासारखा. ऑफिसने तुला हृदय बंद पडल्याचं कळवलं. ते खोटं आहे.

आता ऑफिसचा माणूस तुझ्याकडे येईल. गोड बोलेल. हृदयविकाराच्या कागदावर सही मागेल, आणि तुझ्या पोराला, आपल्या भोपळ्याला, बापाच्या जागी नोकरीला लावून घेतो म्हणेल. पोरगं उड्या मारेल, नोकरी लागली तेव्हा मीही मारल्या होत्या. मामी, सही करू नकोस, केलीस तर चौकशीच होणार नाही. चौकशीत मी सगळं बोलणार आहे. मग मला इथे ठेवणार नाहीत, ते माझं मी बघेन. पण भोपळ्याला कोंडून घालावं लागलं तरी घाल. मला शिव्या देईल, देऊ दे. सध्या पिंप माझ्याकडे दिलंय. ते लिफ्टमध्ये सोडतो आणि जिन्याने धावत सुटतो. वर अजून कुणी नेमलेलं नाही.

तुझाच,
मामा ज्याला भिंगरी म्हणायचा तो