तक्त्यातली शेवटची ओळ

४ मार्च

प्रिय मामा,

नमस्कार. कंबर कशी आहे तुझी? मामीने विणलेला स्वेटर वापरतो, असं तिला सांग. दीड वर्षात एक अक्षर नाही आणि आज अचानक पाकीट, म्हणजे तू आधी ते उलटंसुलटं करून बघितलं असशील. कॉलेज सोडलं त्या दिवशी तुझ्या दारात उभं राहून जे बोललो, त्यातलं निम्मं चुकलंच माझं. उरलेल्या निम्म्यावर भेटल्यावर भांडू.

फोन मुद्दाम केला नाही. फोन, फाइल, स्क्रीन, कशावरच विश्वास उरलेला नाही माझा. तू चाळीस वर्षं वकिलाच्या ऑफिसात नोटिसा टाइप करतोयस, म्हणून तुलाच विचारतो.

मी सध्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात आहे. मालकांना सगळे उस्ताद म्हणतात. शेजारी चष्म्याचं दुकान आहे, ते काका आणि त्यांची मुलगी मिळून चालवतात. ती काच बोट न लावता कडेने उचलते, उजेडात धरते आणि एक डोळा बारीक करते. ते बघता बघता एकदा दातात धरलेला स्क्रू मी जवळजवळ गिळला होता. माझी नजर उत्तम आहे, तरी तीन वेळा डोळे तपासून घेतले. उस्ताद म्हणाले, "तुझे डोळे ठीक आहेत रे, डोकं तपासून घे." आता तुला कळलं असेलच. मामीला इतक्यात सांगू नकोस.

काकांचा हात हल्ली थरथरतो, त्यामुळे दुकान पुढे तिच्याच नावावर चालवायचं तर तिला परवाना हवा. त्याची परीक्षा वीस तारखेला आहे. त्यासाठी तिने एक जाडजूड पुस्तक टॅबवर विकत घेतलं होतं. जानेवारीत एके सकाळी ते टॅबवरून गायब! कंपनीला फोन केला तर पलीकडची बाई गोड आवाजात म्हणाली, मुदत संपली, पुन्हा विकत घ्या. सांग मामा, दुकानातून घेतलेली खुर्ची कधी वर्षभराने उठून परत जाते का? माझं टाळकंच सरकलं.

पुढचं ऐक. फेब्रुवारीत ते पूर्ण पुस्तक इंटरनेटवर फुकट फिरायला लागलं. हजारोंनी उतरवून घेतलं. काल तिला नोटीस आली. चोरी तुमच्याच प्रतीवरून झाली आहे, पंधरा दिवसांत खुलासा द्या. परीक्षा घेणाऱ्या संस्थेलाही त्यांनी कळवलंय आणि संस्थेने तिचं प्रवेशपत्र रोखून ठेवलंय. तिने तो कागद मला वाचायला दिला. मी पहिली ओळ वाचली आणि पुन्हा वाचली. तिचं नाव! छापील, ठळक. हे कसं शक्य आहे? ज्याने कोणी केलं त्याने तीन दिवस बसून सहाशे बारा पानांच्या तळाचं तिचं नाव एकेक करून पुसलं होतं. मग ह्यांना कळलं कुठून?

ती रडली नाही. काउंटरवरची फ्रेम पुसत राहिली, तीच फ्रेम, पुन्हा पुन्हा. मग म्हणाली, "यातलं कळणारा माझ्या ओळखीत तू एकटाच आहेस. शोधून काढ ना कोण ते." मी हो म्हणालो.

असल्या नोटिशीला उत्तर काय द्यायचं? निरपराध माणसावर असा आळ घालता येतो का? मालाच्या मालकांना कायदा आहे, मग गिऱ्हाइकाला काहीच नाही? लवकर लिही.

तुझा,
डोकं फिरलेला भाचा


१३ मार्च

प्रिय मामा,

तुझं कार्ड आठ तारखेला मिळालं. चार ओळी. मी दहा वेळा वाचल्या.

पहिल्या दोन ओळींनी मी चक्रावलो. म्हणजे तिने पुस्तक विकत घेतलंच नव्हतं? वर्षभर वाचायची परवानगी घेतली होती, आणि तसं अटींच्या कुठल्याशा अकराव्या कलमात लिहिलेलं? 'विकत घ्या' असं तर त्या बटणावर लिहिलं होतं! तिसऱ्या ओळीत तू म्हणतोस की नोटिशीला उत्तर देता येतं आणि त्यांनी पुरावा कसा काढला हे विचारायचा तिला हक्क आहे.

आणि चौथी ओळ. "नाव पुसायला तीन दिवस लागले, हे कोणी मोजलं?"

टेबलावर उघडा फोन तसाच सोडून मी मागच्या जिन्यात जाऊन बसलो. उस्तादांनी हाक मारली ती दोनदा ऐकू आली, पण उठता येईना.

मी मोजले. मीच.

तिने टॅब माझ्याकडे आणला होता, बिघडलाय का बघ म्हणून. बिघडला नव्हता. पुस्तक आतच होतं, फक्त कुलूप लावलेलं. ते उघडायला मला एक दुपार पुरली. तिला परत दिलं तेव्हा ती म्हणाली, "जादूगार आहेस रे!" बस. तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण मी हवेत होतो. वाटलं, तिच्यासारखे आणखी किती असतील, घेऊ दे सगळ्यांना. तिचं नाव काळजीपूर्वक पुसलं आणि टाकलं इंटरनेटवर सोडून. त्या कंपनीच्या नाकावर टिच्चून! एवढं सगळं तिच्यासाठी केलं आणि तिलाच विचारलं नाही.

आता खरी लाज वाटावी असं सांगतो. चोर शोधायच्या नावाखाली मी आठ दिवस रोज दुपारी तिच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो. माझीच चोरी मी शोधत होतो, मामा, आणि मला ते दिवस आवडले. ती पेन्सिलीने यादी करायची, टॅब कोणाकोणाच्या हातात गेला त्याची. यादीत तिची लहानपणापासूनची मैत्रीण होती, जिला सगळे बुटकी म्हणतात. तिने अभ्यासाला दोन दिवस टॅब नेला होता. परवा ती दुकानात आली तेव्हा चष्मेवालीने सरळ विचारलं, "तूच केलंस ना?"

बुटकी आधी हसली. तिला गंमत वाटली. मग समोरचा चेहरा बघून म्हणाली, "अगं, मला फोनमध्ये घड्याळ लावता येत नाही, तूच लावून देतेस." आणि निघून गेली. तिची छत्री खुंटीलाच राहिली. मी तिथेच होतो. हातात स्क्रूड्रायव्हर होता. एक शब्द बोललो नाही.

तू म्हणालास तसं तिने पुराव्याबद्दल विचारलं होतं. काल कंपनीचं उत्तर आलं. पान दोनशे चौदावर डोळे तपासायच्या तक्त्याचं चित्र आहे. वरचं अक्षर मोठं, खाली बारीक होत जाणारं. त्यातल्या शेवटच्या ओळीत आठ अक्षरं आहेत. कंपनी प्रत्येक गिऱ्हाइकाच्या प्रतीत त्या आठ अक्षरांचा क्रम बदलते. एकाचा क्रम दुसऱ्याला नाही. मी पानांचे तळ घासत बसलो आणि खूण चित्रात होती. कोण बघतो ती ओळ?

ती बघते. तिचा धंदाच आहे तो. म्हणाली, "बघ ना, हा क्रम मला खटकला होता. छपाईची चूक समजले." मग म्हणाली, "म्हणजे बुटकीच."

तेव्हा मी म्हणालो, "बुटकी नाही."

"मग?"

मी नुसता तिच्याकडे बघत राहिलो. तिच्या हातातली पेन्सिल थांबली. तिला कळलं, मामा. मला वाटलं ओरडेल, काहीतरी फेकून मारेल. तिने तपासणीच्या खुर्चीकडे बोट केलं. मी बसलो. समोर भिंतीवरचा तक्ता. तिने छडी उचलली आणि सगळ्यात खालच्या ओळीवर टेकवली.

"वाच."

मी आठही अक्षरं वाचली. एकही चुकलं नाही.

"दिसतं की तुला सगळं," ती म्हणाली. "काल ती रडत गेली, तेही दिसलं असेल."

मी उठलो. काका आतल्या खोलीच्या दारात उभे होते. किती वेळ, माहीत नाही. त्यांनी बाहेरचा दरवाजा उघडून धरला. दरवाज्यावरची घंटा त्यांच्या थरथरत्या हातामुळे वाजत राहिली, मी रस्ता ओलांडेपर्यंत.

रात्रभर बधिर पडून होतो. सकाळी आधी बुटकीकडे जाऊन छत्री दिली आणि खरं सांगितलं. तिने छत्री घेतली, दार लावलं. उस्तादांनाही सांगितलं. ते म्हणाले, "टेबल रिकामं ठेवतो, सुटलास की ये." थट्टा होती की नाही, कळलं नाही.

आता तुझ्याकडे मागणं. माझा जबाब टाइप कर. कुलूप मी उघडलं, पुस्तक मी सोडलं, सोडल्याचं तिला काहीही ठाऊक नव्हतं. एक प्रत कंपनीला, एक परीक्षेच्या संस्थेला, नोटिशीची मुदत संपायच्या आत. दंड होवो की खटला, तू मला वाचवायच्या वाटा शोधू नकोस. आधी तिचं प्रवेशपत्र सुटू दे. विकत घ्या म्हणायचं आणि भाड्याने द्यायचं, ही लबाडी आहे असं मला अजूनही वाटतं. ते भांडण मी भांडणार आहे. पण उघड्यावर, माझ्या नावाने. दुसऱ्याच्या प्रतीआड लपून नाही.

परवा सकाळच्या गाडीने सही करायला येतोय. दारात उभा राहीन. आत घ्यायचं की नाही, ते तू ठरव.

जबाबाच्या शेवटच्या ओळीत माझं पूर्ण नाव घाल, ठळक, कुणालाही चष्म्याशिवाय वाचता येईल असं. ते तूच ठेवलं होतंस. आता तूच टाइप कर.

तुझा भाचा