बाथच्या बसमध्ये शेजारी कोण

स्ट्राउड,
४ मार्च, मंगळवार

प्रिय म्युरिएल,

तुझं पत्र पोचलं. एक्समथला ऊन पडलंय आणि तुझा खुबा पूर्वीइतका ठणकत नाही, हे वाचून बरं वाटलं. मी ठीक आहे. आज पॅनकेकचा मंगळवार. पहिला नेहमीप्रमाणे तव्याला चिकटला, दुसरा मी उभ्याउभ्याच खाल्ला. उद्यापासून उपास सुरू, म्हणून जे काही कडू बोलायचं ते आजच बोलून घेते.

आपल्या चर्चची सहल यंदा वेस्टनला जाणार नाही. बाथला जाणार आहे.

पुन्हा वाच, मी चुकून लिहिलेलं नाही. मी लग्न होऊन या चर्चमध्ये आले तेव्हापासून मे महिन्याच्या शेवटी आपण वेस्टनला जातो, वाऱ्यात मासे-चिप्स खातो, कोणाची तरी टोपी समुद्राकडे उडते आणि आपण परत येतो. यात बदलण्यासारखं काय होतं? पण हेपवर्थ नावाचा एक माणूस यॉर्कशरमधून, बार्न्स्लीहून, मुलीच्या जवळ राहायला म्हणून इथे आला आहे. विधुर आहे. नाताळच्या आधीपासून आपल्या चर्चमध्ये येतो आणि भजनं अशी म्हणतो की मागच्या बाकावरची मेणबत्ती विझावी. हा माणूस सभेत उभा राहिला आणि म्हणाला, "समुद्र मी पाहिलाय. ओला असतो. बाथ नाही पाहिलं."

लोक हसले आणि सगळ्यांनी हात वर केले. सगळ्यांनी, म्युरिएल! डोरीन क्रिचलीनेसुद्धा, जी गुडघ्यांचं निमित्त सांगून एरवी पेलासुद्धा उचलत नाही.

मी अर्थातच बोलले. म्हटलं, रोमन लोकांनी बांधलेल्या स्नानगृहात तिकीट काढून जायचं, आणि स्नान करायचं नाही, फक्त हिरवं पाणी बघायचं. मग त्याच पाण्याचा पेला प्यायचा, जो कोमट असतो आणि त्यात कोणी खिळे उकळल्यासारखा लागतो. मग ते मोठं चर्च बघायचं, जे आठव्या हेन्रीने आपल्या कॅथलिकांकडून हिसकावून घेतलं, आणि वर आपणच देणगीच्या पेटीत नाणं टाकायचं. फादर कीन शांतपणे म्हणाले, "ॲग्नेस, तुमची एवढी मतं आहेत, तर आखणीत तुम्हीच मिस्टर हेपवर्थना मदत करा."

आपल्याकडे तक्रार करणाऱ्यालाच कामाला लावतात, हे मी विसरले होते.

तेव्हापासून दर गुरुवारी हा माणूस नकाशा घेऊन माझ्या स्वयंपाकघरात बसतो. बस कुठे थांबवायची, चढण कोणाला झेपेल, चहा कुठे घ्यायचा. माझं म्हणणं, डबे न्यावेत. त्याचं म्हणणं, स्नानगृहाशेजारच्या पंप रूम नावाच्या जुन्या उपाहारगृहात व्हायोलिन ऐकत खावं. "माणसाने एकदा तरी रुमाल मांडीवर पसरून केक खाल्ला पाहिजे, पोरी," म्हणतो. पोरी! मला! गेल्या गुरुवारी मी चहा ओतत होते तेवढ्यात त्याने परसातल्या फाटकाची बिजागरी बसवून टाकली. कोणी सांगितलं होतं? लेनर्ड गेल्यापासून ते फाटक मी दोरीने बांधत होते आणि माझं छान चाललं होतं.

बाकी काही विशेष नाही. तू येशीलच. डावीकडची तिसरी रांग, माझ्या शेजारची जागा नेहमीप्रमाणे तुझी. तसं कळव.

तुझी भावजय,
ॲग्नेस

•

स्ट्राउड,
२४ एप्रिल

प्रिय म्युरिएल,

ईस्टरच्या शुभेच्छा. उशिरा पोचतायत, तरी घे. शस्त्रक्रियेची तारीख नेमकी सहलीच्या तोंडावर आली म्हणतेस. काळजी करू नकोस, आजकाल खुबा बदलणं म्हणजे बुटाचा तळवा बदलल्यासारखं आहे. डॉक्टर सांगतील तेवढं चाल आणि नर्सशी भांडू नकोस. भांडण्याचं काम घरात मी करते.

तू येणार नाहीस, म्हणजे माझ्या शेजारची जागा रिकामी.

आपल्या बसमध्ये जागांवर आकडे नसतात, पण तुला माहीत आहे कसं असतं. त्या जागेवर लेनर्ड बसायचा. तो गेल्यानंतर पहिल्याच सहलीत तू आलीस, सरळ तिथे बसलीस, आणि सगळी बस सुटकेचा श्वास टाकून निघाली. आता एखाद्या विधवेच्या शेजारी एखादा विधुर बसला, तर फादर कीनना वेदीवरून काही जाहीर करायची गरज उरत नाही. बस बाथ रस्त्याला लागेपर्यंत सगळ्यांनी लग्नाला टोप्या कोणत्या घालायच्या ते ठरवलेलं असतं.

तर गेल्या गुरुवारी मिस्टर हेपवर्थ नकाशाची घडी घालता घालता म्हणाले, "तुमची नणंद येणार नाही म्हणे. मी बसू का तिथे?"

मी म्हटलं, "छे छे, तुम्ही कशाला. तुमचे पाय लांब. पुढे ड्रायव्हरच्या मागे ऐसपैस बसा."

यावर कोणताही सुसंस्कृत माणूस म्हणाला असता, "नाही हो, मला इथेच आवडेल." मग मी म्हटलं असतं, "बरं, तुमची मर्जी." संपलं असतं. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर इमॅक्युलेटा आम्हाला हेच शिकवायच्या: पहिल्यांदा बिस्किट पुढे आलं की नको म्हणायचं, दुसऱ्यांदा आलं की आभार मानून घ्यायचं. मी सगळं आयुष्य असंच जगले. लेनर्डनेही मला दोनदा विचारलं होतं.

मिस्टर हेपवर्थ म्हणाले, "बरं." टोपी घातली आणि गेले.

रविवारी चर्चच्या दारात डोरीनने मला गाठलं. "ऐकलंस का ॲग्नेस? विल्फ बसमध्ये माझ्या शेजारी बसणार आहेत. मी नुसतं विचारलं, तर लगेच हो म्हणाले. किती सरळ माणूस!"

"विल्फ?" मी म्हटलं.

"अगं, विल्फ्रेड. तुला नाव माहीत नव्हतं? इतके गुरुवार करता काय तुम्ही?"

"नकाशा बघतो," मी म्हटलं.

"हो का," डोरीन म्हणाली. "मला बाई नकाशातलं काही कळत नाही."

मला इतका संताप आला की घरी येऊन मी ओव्हन घासला. ज्या माणसाला दुसऱ्यांदा विचारायचं असतं एवढंही कळत नाही, त्याच्यावर काय रागवायचं? मग मी का रागावले आहे? ओव्हनमध्ये डोकं घालून मी हाच विचार करत होते.

आणखी एक सांगते, आणि तू कोणाला सांगू नकोस. बाथमध्ये एका इमारतीच्या छतावर गरम पाण्याचा तलाव आहे. त्यात बसून शहराची कौलं दिसतात, आणि पावसातसुद्धा लोक मानेपर्यंत पाण्यात बसतात. मिस्टर हेपवर्थनी विचारलं होतं, जाऊया का. मी अर्थातच म्हटलं की आमच्या कॉन्व्हेंटमध्ये हातपायसुद्धा अंधारात धुवायचे. पण परवा मी चेल्टनमला गेले आणि पोहण्याचा पोशाख घेऊन आले. निळा आहे. घरी घालून आरशासमोर उभी राहिले आणि मला हसू आवरेना, म्युरिएल. दाराची घंटा वाजली असती तर मी तशीच दार उघडायला गेले असते.

नोंदणी कचेरीत मी आयुष्य काढलं. साठी उलटलेली जोडपी लग्नाची नोटीस द्यायला आली की चष्म्यावरून बघायचे आणि मनात म्हणायचे, आता कशाला? आता कळतंय, कशाला ते.

तर हे बघ. मला त्यांना सांगायचं आहे की ती जागा तुमची आहे. पण ती आधी लेनर्डची होती, नंतर तुझी. तुला न विचारता मी ती कोणाला देणार नाही. मला भाऊ नाही, बहीण नाही, मूल नाही. माझं जे कोणी म्हणायचं ते तूच. तुला वाईट वाटणार असेल तर स्पष्ट सांग. मग डोरीनला नेऊ दे त्यांना, आणि मी तिसऱ्या रांगेत माझी पिशवी शेजारी ठेवून जाईन. मी ते करू शकते. तुझ्यावाचून मात्र मला जमणार नाही.

तुझी,
ॲग्नेस

•

स्ट्राउड,
२९ मे

प्रिय म्युरिएल,

तुझा फोन आला तेव्हा मी नीट बोलू शकले नाही, म्हणून लिहिते. तू दवाखान्यातून उत्तम आवाजात ओरडत होतीस, म्हणजे खुबा छान बसला आहे.

"मूर्ख बाई," तू म्हणालीस, "दे ती जागा त्याला! मला बसमध्ये मळमळतं. कायम मळमळतं. वेस्टन मला अजिबात आवडत नाही. माझ्या दाराबाहेर समुद्र आहे, ॲग्नेस, मी समुद्र बघायला एवढ्या लांब का येईन?"

"मग येत का होतीस?"

"तू बोलवायचीस म्हणून! तुला एकटीला वाईट वाटेल म्हणून!"

आणि मी तुला बोलवत होते ते तुला वाईट वाटू नये म्हणून. देवा रे. एवढी वर्षं आपण दोघी त्या वाऱ्यात थंडगार चिप्स चावत बसलो, एकमेकींच्या भल्यासाठी. नर्सने तुला हळू बोलायला सांगितलं तेव्हा मी इकडे हसून हसून जिन्याच्या पायरीवर बसले होते.

मग तू एकदम हळू आवाजात म्हणालीस, "लेनर्डला तो आवडला असता का?" मी म्हटलं, "लेनर्डने त्या फाटकाची बिजागरी त्याच्याकडून केव्हाच बसवून घेतली असती." आणि तू म्हणालीस, "मग झालं तर." या तीन शब्दांसाठी मी तुझी किती ऋणी आहे ते कागदावर लिहिणार नाही, शाई फुटेल.

आता पुढचं ऐक. रविवारी प्रार्थना संपली तेव्हा ते दारात उभे होते, डोरीन त्यांच्या कोपराजवळ. मी सरळ गेले.

"मिस्टर हेपवर्थ, तुम्ही मला एकदाच का विचारलंत?"

"काय विचारलं?"

"बसमधल्या जागेचं."

"तुम्ही नको म्हणालात."

"मग? आमच्याकडे आधी नको म्हणतात."

"कितीदा?"

"निदान एकदा."

त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं. "आमच्या बार्न्स्लीत नको म्हणजे नको. नाहीतर माणूस म्हातारा होईस्तोवर चहाची वाट बघत बसेल." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आणि मी म्हातारा झालोय, पोरी. पाच आठवडे मला वाटत होतं, तुम्हाला माझा कंटाळा आला."

"मग आता विचारा," मी म्हटलं. "इथेच. सगळ्यांसमोर."

"बसू का तुमच्या शेजारी?"

माझं तोंड सवयीने 'छे' म्हणायला उघडलं होतं, खरंच सांगते. पण मी म्हटलं, "हो." आयुष्यात पहिल्यांदा, पहिल्याच खेपेला. अंगावरचा कोट कोणीतरी ओढून काढावा तसं वाटलं, आणि मग लक्षात आलं की बाहेर ऊन आहे.

"आणि माझ्या शेजारी कोण?" डोरीन म्हणाली. मला खरंच वाईट वाटलं, कारण त्या बसमध्ये रिकाम्या जागेशेजारी बसणं काय असतं ते मला माहीत आहे. म्हटलं, "तू आमच्या पुढच्या रांगेत. फादर कीनना तुझ्या शेजारी बसवते. ते पेपरमिंट वाटतात आणि झोपतात. आणि पंप रूममध्ये आमच्या टेबलावर ये." तिने नाक पुसलं आणि म्हणाली, "केक दोन प्रकारचे घेऊया का?" बघ, बाई वाईट नाही.

परवा निघायचं. हवामान खातं पाऊस सांगतंय. पडू दे. विल्फ म्हणतात, तलावात बसल्यावर कोण ओलं, कोण कोरडं, काय फरक पडतो.

काल लेनर्डकडे फुलं घेऊन गेले होते. सगळं सांगितलं. परतताना पाय हलके होते, एवढंच तुला सांगते.

आता तुला एक विचारायचं आहे. यंदा नाताळला ये. बसने नको, विल्फ गाडी घेऊन येतील तुला न्यायला. तुझी खोली तुझीच आहे, तिथे कोणी काही हलवलेलं नाही आणि हलवणारही नाही. पण मी एकदाच विचारते आहे, बार्न्स्लीच्या पद्धतीने. नको म्हणालीस तर मी नको असंच समजेन. तेव्हा उत्तर जपून दे.

कोणाच्याही शेजारी बसले तरी
तुझीच भावजय,
ॲग्नेस