पुरुषांइतकं नको

ता. ६ फेब्रुवारी

चि. ठेंगीस,

आजीचे अनेक आशीर्वाद. आम्ही सगळे बरे आहोत, तुझ्या मोडक्या बोटाचं तेवढं कळव.

फोनच केला असता, पण तू बोललेलं मला ऐकू येत नाही आणि मी बोललेलं अख्ख्या जिन्याला ऐकू जातं, म्हणून पत्र. मी सांगते आहे आणि तुझा काका लिहितो आहे. त्याचं अक्षर कसं आहे ते मला कळत नाही, पण तोंड मात्र एरंडेल प्यायल्यासारखं करून बसला आहे.

बातमी अशी की तुझी आजी पेपरात आली. फोटोसकट. गळ्यात ओळखपत्र अडकवलेली एक बाई दारात आली होती. बायकांच्या फुटबॉलबद्दल आणि त्यांच्या पगाराबद्दल लोकांचं काय म्हणणं आहे, ते पेपरासाठी दारोदार विचारत होती. मी म्हटलं, बाई, बरोब्बर दारात आलीस, माझी नातच क्लबात गोलकीपर आहे. तिला एवढा आनंद झाला की पाणीसुद्धा न पिता तिने आधी फोटो काढला. मग मी तुझी बाजू अशी काही मांडली की यंव. पेपर आल्यावर काकाला वाचायला बसवलं. त्याने डोळे बारीक केले आणि म्हणाला, आईने आपलं मत ठामपणे मांडलं असं लिहिलंय. आणखी काय लिहिलंय विचारलं तर म्हणे पुढे नुसते आकडे आहेत. आणि उठून आंघोळीला गेला. त्याची आंघोळ सकाळीच झाली होती.

कात्रण सोबत आहे. तुम्ही पोरी जिथे बूट चढवता तिथे भिंतीवर लाव. फोटोत माझा डावा डोळा मिटला आहे, तिकडे बघू नको. जिन्यात सगळ्यांना दाखवून झालं. वरच्या मजल्यावरचे मास्तर वाचून माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. हेवा वाटला असणार.

बोट मोडल्यापासून क्लबने तुझे पैसे थांबवले, हे मागच्या पत्रातलं ऐकल्यापासून मला जेवण गोड लागत नाही. अर्धा दिवस जातेस त्या चष्म्याच्या दुकानातल्या बाईंना दिवसभराच्या नोकरीसाठी इतक्यात हो म्हणू नको. दिवसभर काउंटरमागे उभी राहिलीस तर सराव कधी करणार? त्यांनी मार्चअखेरची मुदत दिली आहे ना, मग मार्चअखेरपर्यंत त्यांना गोड बोलून झुलव.

(मी फक्त सांगितलं ते लिहितो आहे. — काका)

माया आहे तशीच आहे, तू पत्र टाकलंस तर थोडी वाढेलही.

तुझी,
पेपरातली आजी


ता. १२ फेब्रुवारी

ती. आजीस,

ठेंगीचा सा. न. वि. वि.

हे पत्र खालच्या शिंपीणबाईंच्या पत्त्यावर पाठवते आहे. त्यांना म्हणावं जसं आहे तसं वाचा, कारण काकाने वाचून दाखवलेलं पत्र माझंच असेल याची आता खात्री नाही.

आजी, तुझं कात्रण भिंतीवर लावायची गरज पडली नाही. ते आधीच लागलं होतं. व्यवस्थापकसाहेबांनी स्वतः चार टाचण्या मारून लावलं. वर मथळा काय आहे ते ऐक: गोलकीपरच्या आजीचाही पुरुषांइतक्या पगाराला नकार. खाली तुझा फोटो आणि एक डोळा मिटलेला, जणू तू व्यवस्थापकांनाच खूण करते आहेस.

आमचं मागणं एवढंच होतं. पुरुषांच्या संघाला आहे तसा पगार, आणि खेळताना दुखापत झाली तर बरं होईपर्यंत तो चालू. त्यांच्या गोलकीपरचा घोटा मुरगळला तेव्हा पगार थांबला नाही, वर मालीश करायला घरी माणूस जात होता. माझ्या बोटाची पट्टीसुद्धा मी विकत आणली. गेल्या बैठकीत साहेबांनी कात्रणावर बोट ठेवलं आणि म्हणाले, लोकांना पटत नाही, ते सोडा, यांच्या घरच्यांनाही पटत नाही. आमची कर्णधार माझ्याकडे बघेना. मला कुठे बघावं ते कळेना.

काल दुकानात एका गृहस्थांच्या चष्म्याचा स्क्रू मी नऊ बोटांनी बसवत होते. पट्टी बघून त्यांनी चौकशी केली आणि मग मला समजावून सांगितलं की बायकांचा खेळ संथ असतो, त्यामुळे पैसे कमी असणं बरोबरच आहे. कोणता सामना पाहिलात विचारलं तर म्हणाले, बघायला कशाला हवा. चष्मा नवा करून दिला, आणखी काय करणार.

ते लोक बोलतात त्याची सवय आहे गं. तू खरंच नाही म्हणालीस का, एवढंच कळव. म्हणाली असशील तर मी दुकानातल्या बाईंना हो सांगून मोकळी होते.

आशीर्वाद असू दे, यावेळी जरा जास्त लागेल.

तुझी,
ठेंगी


ता. १५ फेब्रुवारी

चि. ठेंगीस,

आजीचे आशीर्वाद, भरपूर.

अक्षर बदललेलं दिसेल. काकाला लेखनिकाच्या कामावरून काढलं आहे. हे शिंपीणबाई लिहीत आहेत, तोंडातली टाचणी बाजूला काढून. तुझं पत्र त्यांनी वाचलं तेव्हा मी त्यांच्या मशीनजवळच्या स्टुलावर बसले होते, तिथून उठले ते थेट काकाला गाठायला.

तर ऐक. हो, मी नाहीच म्हणाले. तिने विचारलं, बायकांना पुरुषांइतका पगार द्यावा का. मी म्हटलं, मुळीच नाही. पुढे मी बरंच बोलले, पण तिच्या हातातल्या त्या काचेच्या पाटीवर हो, नाही आणि सांगता येत नाही एवढंच होतं, हे आता मास्तरांकडून कळलं. तिने नाहीवर बोट दाबलं आणि माझं पुढचं बोलणं मान डोलवत ऐकलं. मला वाटलं केवढी मन लावून लिहिते आहे.

आता तूच सांग, फुटबॉल खेळणारा पुरुष म्हणून मी आयुष्यात कोण पाहिला? तुझे आजोबा. कारखान्याच्या संघात ते डावीकडून पळायचे. पगार काय, तर सामन्याच्या दिवशी अर्धी सुट्टी आणि हंगाम संपला की एक टॉवेल. एका वर्षी अंगठा मोडून घरी आले. कामावर उभं राहता येईना, तर कारखान्याने मजुरी कापली. जिंकलेला सामना कारखान्याचा आणि मोडलेला अंगठा आमचा. त्या वर्षी टॉवेलसुद्धा उशिरा मिळाला. मग माझ्या नातीला पुरुषांइतकं द्या असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? मी म्हटलं, पुरुषांइतकं नको, पोरीला नीट द्या.

टीव्हीत खेळतात त्यांना पैसे मिळतात हे ठाऊक होतं, पण ते टीव्हीत दिसण्याबद्दल, असं माझं आपलं मत. काल काकाला समोर बसवून तुमच्याच क्लबातल्या पुरुषांना किती मिळतं ते विचारलं. त्याने सांगितलं. मी पुन्हा सांगायला लावलं, कारण वाटलं कानाचाच दोष. चहा कपातच निवला. एवढं मिळतं आणि वर घोटा चोळायला माणूस.

मथळा का लपवलास विचारलं, तर म्हणे तुला वाईट वाटलं असतं. आणि वर म्हणतो, आई, सामन्याला गर्दीच नसते तर पैसे येणार कुठून. मी म्हटलं, गर्दी म्हणजे कोण रे? तू पाण्याच्या बिलांच्या खिडकीवर दिवसभर गर्दीला शिव्या घालतोस, स्वतः कधी तरी गर्दी हो. पुतणी गोलात उभी असताना हा घरी टीव्हीवर पुरुषांचा सामना बघतो, आणि त्याचे महिन्याला पैसे भरतो.

मग मी जिनाभर विचारत फिरले. मास्तर म्हणाले, मी तर हो म्हणालो होतो. समोरच्या डॉक्टरीणबाई, हो. इस्त्रीवाला, हो. सगळे कसे छान हो म्हणाले होते. सामना पाहिलात का विचारलं, तर एकाला वेळ नाही, एकाला मैदान लांब, आणि मास्तर म्हणाले, पास असला तर सांगा. नाही म्हणणारी मी एकटी आणि या पगारापायी डोकं उठलंय तेही माझं एकटीचं.

उद्या पेपराच्या कचेरीत जाते आहे. काकाने रजा घेतली आहे. म्हणजे मी घ्यायला लावली आहे. तू दुकानातल्या बाईंना एक अक्षर बोलू नको.

शिंपीणबाईंचाही तुला नमस्कार, आणि माझा जीव तुझ्यापाशी.

तुझी,
बदनाम आजी


ता. १७ फेब्रुवारी

चि. ठेंगीस,

काकाचे आशीर्वाद. हे पत्र आईला न सांगता लिहितो आहे.

पेपराच्या कचेरीत काल काय झालं ते माझ्याकडून ऐक, कारण आई तिखटमीठ लावेल. तिथले उपसंपादक सभ्य गृहस्थ. म्हणाले, आजींनी नाही म्हटल्याची नोंद आहे, चूक आमची नाही, तरी हवं तर हो करून टाकतो. प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण आई म्हणाली, नाहीला हात लावायचा नाही, त्याच्यापुढचं लिहा. ते म्हणाले, जागा नाही. आई म्हणाली, जागा होईपर्यंत बसते. बसली ती नेमकी दोन टेबलांच्या मधल्या वाटेत. त्या गृहस्थांनी पुरे म्हटलेलं तिला ऐकू येत नव्हतं, म्हणून टॉवेलची गोष्ट तिने पुन्हा पहिल्यापासून सांगितली. तोवर सगळी कचेरी जमली होती. शेवटी जागा झाली.

मथळा लपवला ती माझी चूक. तुझ्या खेळाबद्दल माझं मत मात्र आहे तेच आहे, आईच्या आरडाओरड्याने ते बदलणार नाही. तुझा पुढचा सामना कधी आहे ते कळव. आईला यायचं आहे. तुला पास मिळत असतील ना?

लोभ कमी झाला असेल, तो पूर्वीइतका व्हावा.

तुझा,
काका


ता. २० मार्च

ती. आजीस,

ठेंगीचा सा. न. वि. वि.

आधी बोटाचं. पट्टी निघाली. वाकतं, जरा कुरकुरतं, घरातल्या मोठ्या माणसांसारखं.

आता दुसरं. पेपरात तुझं उरलेलं बोलणं आलं त्या दिवशी कर्णधाराने ते कात्रण पहिल्या कात्रणाशेजारी लावलं, टाचण्या व्यवस्थापकसाहेबांकडूनच मागून घेतल्या. आजींचं उत्तर नाहीच, पोरींना पुरुषांहून बरं द्या, असा मथळा. बैठकीत साहेब हसून म्हणाले, आजींना व्यवहार कळत नाही. तेव्हा कर्णधार म्हणाली, साहेब, घरच्यांचं मत तुम्हीच मध्ये आणलंत. आजींच्या मागणीवरून आम्ही खाली यायला तयार आहोत, पुरुषांइतकं दिलंत तरी चालेल. यावर साहेबांनी चष्मा पुसला. काचा स्वच्छ होत्या, मला त्यातलं कळतं.

खूप भांडून एवढं झालं: दुखापतीत पगार चालू राहील, लेखी दिलं आहे, आणि माझं बोट मोडलं त्या दिवसापासून धरलं आहे. मागचं सगळं मिळालं. पगाराचं मात्र तेच जुनं. म्हणाले, लोकमत तयार झालं की पुढच्या हंगामात बघू. लोकमत म्हणजे जणू ओव्हनमधला केक, हे दार उघडून बघत बसणार. आजी, माझी इतकी चिडचिड झाली की मी त्या दिवशी सरावात एकही गोल होऊ दिला नाही.

दुकानातल्या बाईंना सांगितलं, अर्धा दिवसच येईन. त्या म्हणाल्या, ठीक, पण पुढच्या हंगामाचं काय? मी म्हटलं, पुढच्या हंगामात पुन्हा भांडू.

येत्या रविवारी मी गोलात उभी आहे. काकाला सांग, पास नाहीत. असते तरी दिले नसते.

तुझी वाट बघते, गोलामागची बाजू बघून बस.

तुझी,
ठेंगी


ता. २४ मार्च

चि. ठेंगीस,

आजीचे अनेक आशीर्वाद. काकाला कामावर परत घेतला आहे, शिंपीणबाईंना शाळेच्या गणवेशांची घाई आहे. लिहून झालं की पत्र आधी त्यांना वाचायला द्यायचं, या अटीवर.

तिकिटं काढली. काका खिडकीशी जाऊन आधी म्हणाला, मी गोलकीपरचा काका. आतला माणूस म्हणाला, मग तर तुम्ही काढायलाच हवं. काकाने पाकीट असं उघडलं जणू त्यात विंचू आहे. मास्तर, डॉक्टरीणबाई आणि इस्त्रीवाला यांना मी जिन्यात गाठून विचारलं. तिघेही पुन्हा हो म्हणाले. येतात का ते रविवारी कळेल. नाही आले तर डोकं धरून बसायची माझी तयारी आहे.

पुढच्या हंगामात बघू म्हणतात, तर बघूच. गळ्यात ओळखपत्र घातलेली ती बाई परत आली तर यावेळी आधी तिला बसवीन, पाणी पाजीन आणि ती हातातली पाटी बाजूला ठेवायला लावीन.

(माझं मत आहे तेच आहे. सामना किती वाजता सुरू होतो? — काका)

सोबत तुझ्या आजोबांचा टॉवेल पाठवते आहे. कपाटाच्या तळाशी होता. एका कडेला कारखान्याचं नाव विणलेलं आहे म्हणतात, दुसऱ्या कडेला मी उसवलेलं शिवलं आहे, ते मला वाचता येतं. हात ओले झाले की चेंडू निसटतो असं तूच सांगायचीस. गोलाच्या जाळ्याला टांगून ठेव, सगळ्यांना दिसेल असा. व्यवस्थापकसाहेबांनी विचारलं हे काय, तर हात पुसत पुसत सांग की आमच्या घरात पुरुषांना फुटबॉलचे एवढे मिळायचे.

माया रविवारी घेऊन येतेच आहे, ती मात्र फुकट.

तुझी,
आजी