पडण्याचा करार

३ मार्च, मंगळवार

अकरापैकी अकरावा! तिन्ही फेऱ्यांत पडलो. पहिलीत सहाव्या सेकंदाला, दुसरीत अकराव्या, तिसरीत चाळिसाव्या. फेरी पंचेचाळीस सेकंदांची असते, म्हणजे पाचच राहिले होते. त्या पाचांत दीड गिरकी घ्यायला गेलो. रॅम्पच्या काठावरून वर उडायचं, स्केटबोर्डसकट हवेत दीड वळण घ्यायचं आणि उभ्या भिंतीला पुन्हा चाकं टेकवायची. सरावात दहापैकी सात वेळा बसते. स्पर्धेत आजवर एकोणचाळीस वेळा घेतली. बसली शून्य वेळा.

नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. माझं अंगण खरंच वाकडं आहे, दोन्ही बाजूंनी चौदा-चौदा फूट. पण बाकीचे दहा जण त्याच अंगणात नाचतात.

घरी संघटनेचं पत्र आलं होतं. हंगामाच्या शेवटच्या स्पर्धेत पहिल्या पाचांत आलो नाही, तर व्यावसायिक खेळाडूंच्या यादीतून माझं नाव जाणार. बाबांनी पत्र दोनदा वाचलं, घडी घालून पाकिटात ठेवलं आणि म्हणाले, काकांना कामावर एक माणूस हवाय. बाकी काही नाही. काका फरशा बसवण्याची कामं घेतात.

शाळा नववीत सुटली. तबला तीन महिन्यांत. टायपिंग दोन आठवड्यांत. ही एकच गोष्ट मी अजून सोडलेली नाही.

५ मार्च, गुरुवार

सराव. मास्तरांचा डावा खुबा लोखंडाचा आहे, त्यामुळे ते रॅम्पखाली प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून शिकवतात. आज म्हणाले, तू पडतोस मात्र छान. मला टोमणा वाटला. टोमणा नव्हता. हवेत चुकलं की बोर्ड सोडून द्यायचा, गुडघ्यांच्या पॅडवर टेकायचं आणि भिंतीवरून घसरत खाली यायचं, हे आम्हाला सगळ्यांत आधी शिकवतात. तीस वर्षांत इतकं सुबक घसरणारा पाहिला नाही म्हणे.

यात आनंद मानावा की नाही, ठरवता आलं नाही.

८ मार्च, रविवार

आज गुडघ्यांचे पॅड बनवणाऱ्या कंपनीचे साहेब घरी आले. हातात दोन पेनं, बगलेत फाइल. मी पडतो तेव्हा लोक जास्त टाळ्या वाजवतात, हे त्यांनी मोजून आणलं होतं. पहिल्या आलेल्यापेक्षाही जास्त! कंपनीला माझ्याशी करार करायचा आहे. कलम तीन: खेळाडू प्रत्येक स्पर्धेत किमान दोनदा पडेल. कलम चार: पडताना दोन्ही गुडघे कॅमेऱ्याकडे असतील. पॅड पँटच्या वरून घालायचे, म्हणजे कंपनीचं नाव दिसेल. जाहिरातीची ओळही तयार आहे: पडा, पण आमच्यावर.

मी कलम तीन चार वेळा वाचलं. मग ताईला दिलं. ताई गणवेशांच्या दुकानात शिवणकाम करते, तिला मापं आणि अटी दोन्ही कळतात.

"म्हणजे आजवर तू फुकटच पडत होतास की रे," ती म्हणाली.

मास्तरांना फोन केला. पडत्या फळाची आज्ञा समज आणि सही ठोक, असं म्हणून त्यांनी ठेवून दिला. केली सही. पहिली तिरकी आली म्हणून खाली आणखी एक केली. साहेब म्हणाले, एक पुरते.

१५ मार्च, रविवार

काहीतरी भयंकर झालं आहे. मी पडलो नाही.

मुद्दाम पडायचं नाही, हे मी आधीच ठरवलं होतं. ती फसवणूक झाली. म्हणून प्रत्येक फेरीत दोनदा दीड गिरकी लावली, म्हणजे प्रामाणिकपणे पडता येईल. पहिली बसली. वाटलं, चुकून. दुसरीही बसली. वर हवेत असताना डोक्यात एकच विचार होता की आता पडायलाच हवं, सही केली आहे, आणि खाली चाकं टेकल्याचा आवाज! तिन्ही फेऱ्या मिळून सहाच्या सहा. चौथा आलो.

मास्तर खुर्चीतून उठले. त्यांना उठायला दोन माणसं लागतात, आज एकटे उठले. साहेब मात्र कॅमेरावाल्याशेजारी उभे होते, लग्नघरी नवरा पळाल्यासारखे.

१६ मार्च, सोमवार

सोफ्यावरून गुडघ्यांवर पडायचा सराव केला. आईने विचारलं, खाली काय हरवलंय?

२२ मार्च, रविवार

या वेळी हयगय केली नाही. बोर्डखालचे स्क्रू अर्धा-अर्धा वळसा सैल केले. सकाळी पोटभर खाल्लं. रॅम्पवर चढताना मुद्दाम काकांच्या फरशांचा विचार केला. तरी सगळं बसलं. दुसरा!

साहेबांनी लेखी ताकीद दिली. त्यात लिहिलं आहे, "आपण वारंवार उभे राहत असल्याचे निदर्शनास आले आहे."

पहिला तो आला, ज्याला सगळे उंच म्हणतात. उंच गेली चार वर्षं पहिला येतो, त्याचं खरं नाव पंचही वापरत नाहीत. त्याने मला बाजूला घेतलं आणि विचारलं की मी असं काय सुरू केलंय. मी खोटं बोलत नाही. सांगितलं, पडायचा करार केला आहे. मग त्याने साहेबांचा नंबर मागितला.

२५ मार्च, बुधवार

साहेब पुन्हा घरी. पेनं तीच दोन. कंपनीची बैठक झाली. मी पडत नाही म्हटल्यावर त्यांनी जाहिरातच बदलली आहे: हे पॅड पडूच देत नाहीत. मी म्हटलं, पण पॅड तर पडल्यावर लागतात. साहेब म्हणाले, तो विभाग वेगळा.

नव्या करारात कलम तीन: खेळाडू पडणार नाही.

ताईने वाचलं आणि कागद माझ्या हातून काढून घेतला. सही करू नकोस, म्हणाली, तुला मी ओळखते. पण माणूस दोनदा घरी आला होता, आईने त्यांना दोनदा चहा दिला होता. नाही कसं म्हणणार? या वेळी एकाच सहीत काम झालं.

२९ मार्च, रविवार

पडलो. पहिल्या फेरीत दुसऱ्या सेकंदाला. दुसऱ्या फेरीत रॅम्पवर उतरण्याआधीच, वरच्या फळ्यांवर, उभ्या उभ्या. तिसऱ्या फेरीत नाव पुकारलं तेव्हा जिन्यात.

अकरावा.

१ एप्रिल, बुधवार

करार रद्द. दिलेले सगळे पॅड परत मागितले. बारा जोड. सगळे धुतले, वाळवले, पट्टे एका दिशेने लावले, कंपनीच्या दुकानात नेऊन दिले आणि पोच घेतली. साहेबांनी मान वर केली नाही. आत उंच बसला होता, त्याच्यासमोर फाइल उघडी होती.

माझे जुने पॅड कपाटातून काढले. ते पँटच्या आतून घालायचे असतात. बाहेरून घालावे असं त्यांच्यावर काही लिहिलेलंच नाही.

४ एप्रिल, शनिवार

सरावात दहापैकी तीन. पंधरा दिवसांपूर्वी दहापैकी दहा होते.

मास्तरांनी खाली बोलावलं. बोर्ड बाजूला ठेवायला सांगितला.

"पडायचा करार होता तेव्हा वर गेल्यावर काय मनात यायचं?"

मी म्हटलं, पडेन की नाही, हेच.

"आणि आता?"

"तेच. पडेन की नाही."

मास्तरांनी खुबा चोळला. म्हणाले, मग मला नाही रे कळत. मलाही कुठे कळतंय म्हणा. त्यांनी विचारलं, पाचांत आला नाहीस तर खरंच फरशा? मी हो म्हणालो. ते म्हणाले, दोन माणसं लागतात म्हणे त्या कामाला. तेव्हा मला अर्थ लागला नाही. आता लिहिताना वाटतंय, ते स्वतःसाठी काम विचारत असावेत.

११ एप्रिल, शनिवार

उद्या शेवटची स्पर्धा. अंतिम दिवशी प्रत्येकाला एकच फेरी. पंचेचाळीस सेकंद, संपलं.

संध्याकाळी ताईने दुकानातल्या मापाच्या कागदावर करार लिहून आणला. "उद्या तू दोनदा पडला नाहीस, तर मी तुझ्याशी महिनाभर बोलणार नाही." खाली तिची सही, साक्षीदार म्हणून आईची. मी म्हटलं, याचा उपयोग नाही, तू बोलशीलच हे मला माहीत आहे. तू करून तर बघ, म्हणाली. मग रात्रीच्या जेवणात खरंच बोलली नाही. भाजी हवी का, तेसुद्धा बाबांकरवी विचारलं.

सही केली. व्यवस्थित आली.

१२ एप्रिल, रविवार, सकाळ

कपडे बदलायच्या खोलीत बसून लिहितो आहे. शेवटचा नंबर माझा. तपासनीस आले, पिशवी उघडून एकेक वस्तू पाहिली आणि हातावर शिक्का मारला. त्यांच्यानंतर मी स्वतः पाच वेळा पाहिलं. पॅडसकट सगळं आहे. मग पिशवी बंद केली.

उंच दोनदा पडला! बाहेर कोणीतरी ओरडून सांगितलं. साहेब जल्लोष करताहेत म्हणे. त्यांचा कोणता करार चालू आहे, कोण जाणे.

मास्तर दारात आले आहेत. चल म्हणताहेत. एवढंच—

१२ एप्रिल, संध्याकाळ

दवाखाना. डावीकडे आठ टाके, उजवीकडे सात.

दीड गिरकी चार वेळा घेतली. चार वेळा बसली. पंचेचाळीस सेकंद पुरे झाले तेव्हा भोंगा वाजला आणि मी उभा होतो. ताईने विचारलं, वर काय मनात होतं? काहीच नव्हतं. खरंच. मग इतका आनंद झाला की बोर्ड सोडला, हात वर केले आणि अख्ख्या भिंतीवरून गुडघ्यांवर घसरत खाली आलो. मास्तर म्हणतात तसं, सुबक. खाली पोचल्यावर मागे पाहिलं तर भिंतीवर दोन लाल रेघा, अगदी समांतर.

पहिला होतो. चार मिनिटं. मग पंचांनी नियम दाखवला. गुडघ्यांवर पॅड नसतील तर बाद. यादीतून नाव गेलं.

आत्ता काका येऊन गेले. म्हणाले, टाके सुकू देत, घाई नाही. पण आमचं काम दिवसभर गुडघ्यांवर बसून असतं, काही आहे का तुझ्याकडे घालायला?

मी त्यांना पिशवी उघडून दाखवली.