सुनेचा उखाणा

रथसप्तमी, दहिवली. संध्याकाळ.

अंबाबाईच्या कृपेने हळदीकुंकू पार पडलं, पण एक गोष्ट मनातून जात नाही.

सूनबाई शीतल बोलताना अडखळते. महिनाभर ती मोबाईलवरच्या सरावाच्या अ‍ॅपवर उखाणा म्हणत होती. ते टक-टक ठोका देतं, ही त्या ठोक्यावर बोलते, नीट आलं की हिरवी खूण. रोज हिरवीच. मीच म्हटलं होतं, फुकट आहे तर कर की.

आज समोर पंधरा बायका. टक-टक नाही. उखाणा छान म्हटला आणि नावापाशी "प्र... प्र..." करत थांबली. अवघड शब्द आला तर दुसरा घ्या, असंही ते अ‍ॅप सुचवतं म्हणे. नवऱ्याच्या नावाला दुसरा शब्द कुठून आणायचा?

शेजारच्या सुमनवहिनी म्हणाल्या, "काय गं, नवऱ्याचं नाव इसरलीस का?" आणि मी, मेली शहाणी, पटकन बोलून गेले, "प्रसाद!" सगळ्या हसल्या. शीतलही हसली आणि वाणाचं ताट घेऊन आत गेली.

सगळ्या गेल्यावर विचारलं, "माझा राग आला?"

"सु-सुमनकाकूंचा नाही आला. तुमचा आला, आई. मो-मोबाईल कधी मध्ये बोलत नाही."

खरंच होतं. मी देवापुढे बसले, तिलाही बसवलं. म्हटलं, "घे आता नाव."

परत तिथेच अडकली. माझ्या जिभेवर ते नाव तीनदा आलं, तीनदा गिळलं. मग तिच्या तोंडून आलं.