दोर, साखळी आणि धाकट्याची शॅकल

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा होड्यांच्या नांगराचे दोर साखळीला गुंफून देणे, राहणार गोदीमागच्या गल्लीत कार्यशाळेच्या माडीवर, हे मृत्युपत्र स्वखुशीने व कोणाच्याही दडपणाविना लिहून ठेवते. पुढच्या आठवड्यात माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला आजचा वार विचारला, तो मी सांगितला. मग मी त्यांना त्यांच्या बुटाच्या नाडीला कोणती गाठ आहे ते विचारले, ते त्यांना सांगता आले नाही. दाखला मात्र फक्त माझाच झाला.

यापूर्वीची माझी चारही मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती धाकट्या भावाला काय काय मिळू नये, एवढेच नोंदवण्यासाठी केली होती.

कलम पहिले. माडीवरच्या दोन्ही खोल्या, त्यांतील सामान व बँकेतील शिल्लक माझ्या मुलीला मिळावी. तिने माझा धंदा घेतला नाही, ती दवाखान्यात लोकांचे दात काढते. त्याबद्दल मनात काही नाही. ओढून पाहिल्याशिवाय भरवसा ठेवायचा नाही, हे ती माझ्याकडूनच शिकली.

कलम दुसरे. माझ्या तिन्ही लाकडी खुंट्या, पाती व मेणाचा डबा कोपऱ्यावरच्या केस कापणारीला द्यावा. धाकटा चाळीस वर्षांत जे शिकला नाही, ते ती एका दुपारी शिकली. तिच्यासाठी इथे पुन्हा लिहिते: तीन पेडी दोराचे पेड वीतभर उलगडावेत, टोके वितळवून बंद करावीत, साखळीच्या शेवटच्या कडीतून दोन पेड एका बाजूने व एक दुसऱ्या बाजूने न्यावा, आणि मग दोराच्याच अंगात, खुंटीने वाट करून, उलट्या पिळाने एकेक पेड खोचत मागे यावे. पाच फेऱ्या. कडीत पेड सैल राहिला तर तो तिथेच घासून मरतो. काही लोक तीन फेऱ्यांत आटपतात. त्यांना या मृत्युपत्रातून काहीही मिळणार नाही.

असा सांधा नांगर ओढायच्या रहाटावरून सरळ घसरत जातो, कुठे अडकत नाही. शॅकल, म्हणजे ती पिनेची लोखंडी कडी, अडकते. हे मी मरणाच्या दारातून लिहीत आहे, खोटे कशाला लिहू?

कलम तिसरे, धाकट्या भावाबाबत. हे जरा लांब आहे. वकीलसाहेबांनी "थोडक्यात लिहा, बाई" असे सुचवले होते. थोडक्यात लिहिलेल्या चार प्रती वर रद्द केल्याच आहेत.

आमच्या वडिलांनी कार्यशाळा सगळीच्या सगळी माझ्या नावे केली. "जिचे हात, तिची कार्यशाळा," एवढेच म्हणाले. धाकटा त्या वेळी उंबऱ्यात उभा होता. दुसऱ्या आठवड्यात त्याने बरोबर समोर दुकान थाटले आणि पाटी लावली: 'येथे शॅकल मिळेल. गुंफत बसू नका.' दोराला फासा करायचा, तो शॅकलने साखळीला अडकवायचा, पिन पिळायची, झाले. माझी गिऱ्हाइके रस्ता ओलांडू लागली. मी त्यांना बजावले, "पिन निसटते हो!" तो पलीकडून ओरडला, "दोर कुजतो हो!" त्यानंतर आम्ही एकमेकांशी बोलणे टाकले.

माझे यजमान होड्या रंगवत. त्यांना भांडण सोसत नसे. त्याच वर्षी त्यांनीच तोडगा काढला. त्यांची जुनी निळी होडी खाडीत नांगरायची: होडीपासून हातभर साखळी, तिला धाकट्याच्या शॅकलने दोर, तो दोर माझ्या सांध्याने मोठ्या साखळीला आणि तळाशी नांगर. जे आधी तुटेल तो हरला. होडी जागेवर दिसते आहे तोवर दोन्ही शाबूत.

तेव्हापासून दर रविवारी भरतीला आम्ही तिघे वल्ह्याच्या होडीतून पाहायला जात असू. मी पुढे, धाकटा मागे, मधल्या फळीवर यजमान. मी म्हणायची, "त्याला सांगा, होडी आहे." ते मागे वळून सांगायचे, "होडी आहे रे." तो म्हणायचा, "तिला सांगा, शॅकलमुळे आहे." वल्ह्याच्या होडीची लांबी आठ फूट. सगळ्यांना सगळे ऐकू येत होते.

आठ वर्षांनी यजमान गेले. पुढच्या रविवारी मी घाटावर गेले, तर धाकटा वल्ही घेऊन बसलेला. आम्ही निघालो. मग तो मधल्या रिकाम्या फळीकडे बघून म्हणाला, "तिला सांगा, शाल नीट घे, वारा आहे." मी फळीला म्हटले, "त्याला सांगा, घेतली आहे." पुढची अकरा वर्षे आम्ही असेच बोललो. बघणाऱ्यांना हसू येई. आम्हाला ते सोयीचे होते.

गेल्या महिन्यात वल्ह्याच्या होडीला भोक पडले. रविवार चुकवणे दोघांनाही पटेना, म्हणून पहिल्यांदाच बांधावरून पायी गेलो. वेळ ओहोटीची होती. निळी होडी चिखलात कमरेपर्यंत रुतून बसलेली, तिच्या सावलीत एक कुत्रे झोपलेले. शेजारी एक बाई शिंपले वेचत होती.

"ही होडी कधीपासून अशी आहे हो?" मी विचारले.

"ही? मी इथे येते त्याला दहा वर्षं झाली. कधी हललेली बघितली नाही. भरतीला वरचा काठ दिसतो तेवढाच. तुमची आहे का? मी टोपल्या ठेवते तिच्यात."

दोर चिखलावर सापासारखा सैल पडला होता. दहा वर्षे त्याच्यावर कसला ताणच आला नव्हता. माझा सांधा जिंकला नव्हता, त्याची शॅकल जिंकली नव्हती. आम्ही दर रविवारी गाळाला शाबासकी देऊन परत येत होतो.

धाकट्याने तोंड उघडले. मधे कुणाकडे बघावे ते त्याला कळेना, कारण फळी घरी राहिली होती. शेवटी तो माझ्याकडे वळला.

"ताई, आपण गाढव आहोत."

एकोणीस वर्षांनी त्याने मला ताई म्हटले. मी म्हटले, "तू आहेस. मी मोठी आहे." मग आम्ही बांधावर बसून इतके हसलो की कुत्रे उठून गेले, आणि माझ्या छातीत पहिली कळ आली. शस्त्रक्रिया त्यासाठीच.

रुग्णालयात तो रोज येतो. परवा मी विचारले, "बाबांनी मला सगळे दिले, त्याचे वाईट वाटले ना रे?" तो म्हणाला, "कार्यशाळेचं नाही. 'जिचे हात' म्हणाले त्याचं." मग स्वतःचे हात बघत बसला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. त्याचा पीळ कशाने पडला होता ते मला तेव्हा कळले.

म्हणून लिहिते की कार्यशाळेचा अर्धा भाग, समोरच्या दारासह, माझ्या धाकट्या भावाला मिळावा, उरलेला मुलीला. त्याचे हातही वडिलांचेच आहेत, फक्त उतावळे.

कलम चौथे. निळी होडी गाळातून काढून खोल पाण्यात पुन्हा नांगरावी. नवा दोर, नवा सांधा, नवी शॅकल. निकाल लागेल तेव्हा मी असले तर उत्तमच.

दुरुस्ती. मजकूर वाचून दाखवल्यावर वकीलसाहेबांनी सांगितले की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, नाहीतर त्याचा हिस्सा जातो. धाकट्याने विचारले, "साक्षीदाराला सहीशेजारी शेरा लिहिता येतो का?" साहेब म्हणाले, "तशी रीत नाही, पण बंदीही नाही." धाकट्याने लगेच पेन मागितले. मी त्याला खूप समजावले. तो म्हणाला, "ताई, अर्धी कार्यशाळा घेऊन मी दुसऱ्या कलमातलं शॅकलचं वाक्य बिनविरोध जाऊ देऊ?" सबब तिसऱ्या कलमातील देणगी त्याच्या हट्टामुळे रद्द होत आहे. वाटा मुलीकडे जाईल. मामाला त्या दारातून कधी हटकू नये, ही तिला आज्ञा.

ठिकाण: रुग्णालय, दुसरा मजला, खिडकीजवळची खाट.
दिनांक: अकरा मार्च, दुपारी, औषधानंतर.

सही: दोरवाली

साक्षीदार एक: शिंपलेवाली. बाईंनी माझ्यासमोर सही केली. होडी काढण्याआधी टोपल्यांसाठी कळवावे.

साक्षीदार दोन: धाकटा भाऊ. ताईने माझ्यासमोर, शुद्धीवर असताना सही केली. हात तिचेच चांगले आहेत, बाबांचे बरोबर होते. शॅकल अडकत नाही.